बाकी मागून

पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीनं मोडीत काढलेला सर्व्हर
भूपाळअण्णांनी तासगावात आणला टेम्पोतून,
बेदाण्याच्या रिकाम्या पेट्यांवर गोणपाट, त्यावर तो.
सातशे अडुसष्ट जीबी रॅम.
"एवढी कशाला?" मी म्हटलं.
"स्वस्तात पडली."

बॅटरी मेलेली. वीज गेली की आडवा,
आली की पुन्हा उभा,
आणि उभा राहण्याआधी मोजत बसतो.
चार केबीचं एक पान, अशी वीस कोटी पानं,
प्रत्येकाला चौसष्ट बाइटची चिठ्ठी:
हे मोकळं, हे राखीव, हे अमक्याचं.
शेवटच्या पानाला चिठ्ठी लागेस्तोवर
स्क्रीन काळा,
आणि सौद्याला आलेले व्यापारी
मुठीतला बेदाणा चघळत माझ्याकडं बघत.

नऊ सेकंद. घड्याळ लावून मोजले.
बायोसची चार मिनिटं वेगळी, त्यावर माझा इलाज नाही.
पण नऊ सेकंदांनी काय होतं, असं
बोली लावून बसलेल्या माणसाला विचारू नये.

मग एका सकाळी
अण्णांना कोल्ड स्टोरेज उघडताना पाहिलं.
कानटोपी, तोंडातून वाफ.
पुढच्या सहा ओळी मोजल्या, शटर वर केलं,
"हं, चालू द्या!"
आत हैदर आणि नेमू दोन टोकांनी
खडूच्या खुणा करत उरलेल्या चाळीस ओळी मोजत राहिले.
मधेच कुणी आतला माल मागितला
तर हैदर तेवढीच ओळ आधी मोजून द्यायचा.

त्या रात्री कर्नलच्या लांबलचक यादीत
एका 'नाही'चं 'होय' केलं, आणि तो पुन्हा बांधला.
आता थोडी पानं लागली की पुढची कामं हलतात,
बाकीच्या पानांना
सगळे कोअर मिळून भिडतात, हमालांसारखे.
काम एका चिठ्ठीनंही कमी झालं नाही.
फक्त एकटा कुणीतरी मोजतोय
आणि बाकी सगळे दारात, असं राहिलं नाही.
नवाचे दोन झाले.

अण्णांना सांगितलं तर म्हणाले,
"हे तुझ्या मशीनला आत्ता कळलं व्हय?"

सात सेकंद उरले, आणि हातात फोन होता.
सुप्रभाचा मेसेज, इचलकरंजीहून, दिवाळीच्याही आधीचा,
भांडणानंतरचा पहिला.
कोण काय बोललं, कुणाचं किती चुकलं,
सगळं ओळीत लावून
मगच उत्तर द्यायचं, असं ठरवलं होतं मी.

लिहिलं, "आहे गं. बोलू."

बाकी मागून.