सहाव्यातली होडी

दर जानेवारीत ग्रेगालचा वारा सुटला
की मार्साश्लोकच्या होड्या एकेक दोर जादा बांधून घेतात
आणि मी विस्टिनच्या घरी जातो,
चौदाच्या चौदा पुन्हा बघायला.

चौदा सिनेमे, पाच नट, एकच हेर.
तो कात टाकतो. आपल्याला ती सोय नाही.
पहिला आला तेव्हा मला मिसरूड फुटत होतं,
आताचा पाचवा माझ्या धाकट्याहून लहान
आणि अजून त्याच जुन्या शत्रूवर डूख धरून.

साल्विना चहा आणते, ग्लासात, घट्ट दुधाचा,
म्हणते, घाला वाद, मी माझी कामं करते.

वाद जुना आहे. मुरलाय.
मी म्हणतो, नववा.
नवव्यातला खलनायक आवाज चढवत नाही,
बसल्या बसल्या संत्रं सोलतो, अख्खी साल एका फिरकीत,
आणि तेवढ्यात एक देश विकून मोकळा होतो.
विस्टिन म्हणतो, तशी साल आमची आईही काढायची.
तिसऱ्यातला बर्फ खोटा आहे, ते मीठ आहे,
यावर मात्र आमचं एकमत. मीठ आम्हाला ओळखू येतं.
अकरावा दोघांनाही आवडत नाही.
तो आम्ही जेवताना लावतो.

सहावा त्याचा.
सहाव्यात आमचं गाव आहे
पण खाली नाव येतं भलत्याच बंदराचं,
चर्चचे दोन्ही मनोरे कापडाने झाकलेले,
आमच्या आयाबहिणी दिवसाला दोन पौंडांवर
दुसऱ्या देशाच्या झालेल्या.
आणि त्रेचाळिसाव्या मिनिटाला त्याची होडी.

त्याच्या बापाची, म्हणजे. मिकियेलची.
निळी-पिवळी होती, नाळेवर दोन डोळे.
सिनेमावाल्यांनी तीनशे पौंड मोजले,
हिरवी रंगवली, डोळे खरवडून काढले
(तिकडच्या होड्या आंधळ्या असतात म्हणे)
आणि म्हाताऱ्याने सही केली.
तेव्हा तीनशेत स्वयंपाकघर होत असे.
हे स्वयंपाकघर,
ज्यात साल्विना आत्ता भांडी आपटतेय.

हेर उडी मारतो, दोर कापतो,
चुकीचा दोर, विस्टिन म्हणतो, दर वर्षी म्हणतो,
आणि रिमोट उचलतो.
स्फोट आम्ही बघत नाही.
कॅसेट होती तेव्हा नाही, तबकडी आली तेव्हाही नाही.
हिरवी होडी तशीच थांबून राहते
ग्लास रिकामा होईस्तोवर,
मग तो पुढे ढकलतो, आणि हेर कुठल्याशा हॉटेलात,
ओलाचिंब, भांग मात्र मोडलेला नाही.

यंदा टीव्ही नवा. नातवाने दिलेला, भिंतभर.
त्यात नको ते सगळं दिसतं:
हेराच्या कानामागे विगचा डिंक,
मनोऱ्यावरच्या कापडाची शिवण.
होडी थांबली.
मागे धक्क्यावर गर्दी,
जिला सांगितलं होतं, इकडे बघा आणि किंचाळा.
साठ-सत्तर उघडी तोंडं.
आणि एक पाठ.
टोपी. डावा खांदा खाली गेलेला.

हा कोण रे, मी विचारलं,
आणि विचारतानाच कळलं की विचारायला नको होतं.

विस्टिन उठला, पडद्याला नाक लागेल इतका जवळ गेला,
चष्म्यात सगळं हिरवं.
दोन पौंड घेतले होते यानेही, म्हणाला,
ओरडायचे.

मग रिमोट माझ्या हातात दिला.
मी बराच वेळ बटण शोधतोय असं दाखवलं.

चार सेकंद असतील जेमतेम.
फळ्या उडाल्या, पाणी उडालं, लोक खाली बसले.
म्हाताऱ्याची टोपी उडाली.
त्याने ती हवेतच पकडली,
मागे वळून न बघता,
आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

आतून साल्विना म्हणाली,
हा कसला आवाज?
सहाव्यात तर कधी आवाज नसतो.