फुली

चर्चच्या मागच्या खोलीत गोदरेजचं कपाट,
किल्ली देवदानकाकांच्या कमरेला.
दार उघडलं की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास,
मग वाळवीनं माझ्याआधी वाचून ठेवलेली पानं.
"कुठलं साल, बाई?"
साल मला कुठं ठाऊक.
माझ्याकडे फक्त आडनाव, तेही दुरुस्त केलेलं.

पिनाक.
शाळेत बाई म्हणायच्या, हे तर शंकराचं धनुष्य,
तुम्ही ख्रिस्ती ना गं?
मूळचं पिनॉक. आजोबांच्या हेडमास्तरांनी
लाल शाईनं त्याचं शुद्धलेखन केलं,
आणि आम्ही चार पिढ्या तेच गिरवून आणलं.

घरात सांगत, तो कप्तान होता.
आत्या तर जहाजाचं नावही सांगायची,
दर नाताळाला वेगळं.
आता भाच्याला तिकडचा पासपोर्ट हवा.
वकील म्हणाला, लग्न दाखवा.

तीन शनिवार भायखळ्याच्या उन्हात गेले.
चौथ्या शनिवारी, अठराशे अठ्ठावन्नच्या पानावर
काकांचं नख थांबलं.

पिनॉक, टोबायस. वय एकतीस. अविवाहित.
धंदा: माजगाव गोदीत पीपं बांधणं.
पीपं, आत्या.
पाण्याची, खारवलेल्या मांसाची, दारूची.
जहाजं गेली, तो धक्क्यावरच राहिला.

शेजारी तिचा रकाना:
बीवोरा, आता रिबेका.
मी मोठ्यानं वाचलं. बीवोरा. बिवरा.
डोळ्यांना नाही सापडली, जिभेला सापडली.
भिवरा!
लिहिणाऱ्याच्या कानाला आपला भ लागलाच नसणार.
वय सुमारे एकोणीस.
बापाचं नाव: एक आडवी रेघ.

बाप्तिस्म्याच्या वहीत तारीख तीच.
सकाळी पाणी, दुपारी लग्न.
आणि तिच्या खालच्याच ओळीत
एक मुलगा, वय वर्षं चार.
काका चष्मा पुसत राहिले, गरज नसताना.
मी म्हटलं, असू द्या काका,
आईच्या लग्नात जेवलेला पणजोबा
सगळ्यांच्या नशिबी नसतो.

तीन रविवार पुकारे झाले होते:
या लग्नाला कुणाची हरकत?
विचारलं इंग्रजीत.
तिचीच असती,
तर बोलायचं केव्हा हे तिला कोण सांगणार होतं?
किंवा नसेलही. आवडत असेल तिला
तो लाकडाच्या भुशाचा माणूस.
मला माहीत नाही.
त्यासाठी रकाना आखलेला नाही.

खाली त्याची सही, पाय पसरून बसल्यासारखी.
आणि तिची फुली.

शाळेत फुली म्हणजे चूक.
आमच्यात बायका नाकात घालतात तीही फुलीच.
ही मी भिंगाखाली धरली.
पहिली रेघ सरळ, एका दमाची,
पाद्रीसाहेबांनी हात धरून ओढलेली असावी.
दुसरी वाकडी.
मध्येच थबकलेली, तिथं शाई जमून थेंब झालाय,
मग जोर करून पुढं, पार चौकटीबाहेर.
ती दुसरी तिची.

काका नक्कल करायला बसले.
जशीच्या तशी, चुकांसकट, हा नियम.
बीवोरा लिहिलं. आडवी रेघ ओढली.
मग बॉलपेननं, सवयीनं, चटकन एक फुली मारायला गेले,
बाजारच्या यादीवर मारावी तशी.

"थांबा."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं,
पेन माझ्यापुढं सरकवलं.

पहिली जमली.
दुसरीसाठी मी तीन कोरे कागद खराब केले.
काका म्हणाले, बाई, कागदाला पन्नास रुपये पडतात.
पाच वाजले होते, कपाट बंद करायचं होतं.
तिच्यासारखी वाकडी मला येईना.
मला कुणी हात धरून शिकवलंय,
त्यालाही आता वर्षं झाली.