उपाशीपोटी

पहाटे साडेपाचला नेरूळहून माझी स्कूटी निघते.
सीटखाली बर्फाची पेटी, पेटीत नळ्या,
जांभळ्या टोपणाच्या, लाल टोपणाच्या,
साखरेसाठी करड्या.
दारादारात एकच प्रश्न:
बारा तास काही खाल्लं नाही ना?
मोठी मोठी माणसं शाळेतल्यासारखी मान हलवतात.

मी माणसं शिरांवरून ओळखते.
सीवूड्सच्या वाकणकर बाईंची शीर घाबरट,
सुई दिसली की दडी मारते.
नवरा गेला त्या आठवड्यात तर सापडेचना.
तीनदा टोचलं. म्हणाल्या, टोच गं,
निदान दुखतंय कुठे ते तरी कळू दे.

ऐरोलीच्या तेजोमयची शीर दोरखंड,
व्हिटॅमिन डी मात्र सात.
बाविसाव्या मजल्यावर पडदे ओढून
रात्रभर अमेरिकेशी बोलतो,
मी बेल वाजवते तेव्हा त्याची संध्याकाळ असते.

आणि तुर्भ्याचे कोळपेमामा.
मसाला मार्केटात एकतीस वर्षं पाठीवर पोती.
काम सुटून सहा वर्षं झाली, तरी
कोपराच्या घडीत स्पिरिटचा बोळा फिरवला
की मला धण्याचा वास येतो.
साखर तीनशेच्या घरात.
डॉक्टर म्हणाले, चाला.
मामा म्हणाले, जन्मभर चाललोच की.
पाठीवर ओझं होतं तेव्हा पायाला ठाऊक असायचं
कुठल्या गाळ्यावर टेकायचं.
आता बागेत गोल गोल फिरून
पोचायचं कुठे?

मग एका सकाळी एकशे चाळीस.
नवी गोळी? नाही, जुनीच.
पण खालच्या मजल्यावरच्या पोराला
शाळेत सोडायला लागलेत जूनपासून,
त्याचं दप्तर स्वतःच्या पाठीवर घेऊन.
तीन किलो असेल, म्हणाले, पण ओझं ते ओझं.
आणि गोळीची आठवण तोच करतो, हरामखोर.
मी फॉर्म उलटसुलट पाहिला.
दप्तर लिहायला जागा नव्हती.

त्याच दिवशी चिकटपट्टी लावताना
मामांनी माझा हात धरला,
नखं उजेडाकडे फिरवली
पोत्यातली मिरची पारखावी तशी.
"मालाचा रंग उडालाय," म्हणाले.
हसले मी. जिन्यात मात्र दोनदा थांबले.

लॅबमध्ये फरझानाने माझं रक्त काढलं.
चौदा वर्षांत नळीवर पहिल्यांदा माझं नाव,
तेही आडनाव चुकलेलं.
हिमोग्लोबिन सात पूर्णांक नऊ.
घरत मॅडमनी चष्मा काढून ठेवला.
झोप? चार तास.
घरी कोण? सासूबाई, अंथरुणात. मुलगा, दहावीत.
पाळी? पूर येतो, मॅडम.
मग म्हणाल्या, गरम शेवटचं कधी जेवलीस?

मी म्हटलं, गणपतीत.
आणि नंतर आठवेना, कुठल्या वर्षीच्या.

सोनोग्राफी लिहून दिली, लोहाच्या गोळ्या दिल्या.
शौचाला काळं होईल, घाबरू नकोस,
वर लिंबू पिळून घे, चहा लांब ठेव.
दाराशी पोचले तेव्हा पाठून हाक: आणि बसून जेव.

बसून. एवढा साधा शब्द,
पण आमच्या स्वयंपाकघरात पाट कुठे आहे
ते शोधायला मला दोन दिवस लागले.

आता शेवटची नळी जमा करून
दहाला घरी येते. तवा तापत ठेवते.
एक भाकरी, थापताना कडा फाटतातच,
मेथी, लसूण, वर लिंबू.
आतून सासूबाई हाक मारतात.
आले, म्हणते.
घास चावून, गिळून, मग उठते.
पहिल्या आठवड्यात त्या रुसल्या.
परवा म्हणाल्या, वास कसला सुटलाय गं,
मलाही अर्धी दे.

अजून नऊच्या वर गेलेलं नाही.
जिन्यात एकदाच थांबते.
सोमवारी पुन्हा तपासणी. मी फरझानाला विचारलं,
सवयीने, उपाशीपोटी येऊ ना?
ती नळीवर माझं आडनाव नीट लिहीत होती.
जेवून ये, म्हणाली,
याला उपास लागत नाही.