वाक्यात उपयोग करा

ग्रिम्सबीत मंगळवारी संध्याकाळी सातला
मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत
हीटर आधी खोकतो, मग तापतो.
डोरीनबाई फळ्यावर शब्द लिहितात:
पर्स्वेसिव्ह.
खाली दोन रेघा, शेजारी 'विशेषण'.
मार्कर सुकत आलाय, शेवटचं अक्षर उमटतच नाही.
त्याचा उच्चार तसाही होत नाही, बाई म्हणतात.

"समोरच्याला पटवून देणारा तो.
उदाहरणार्थ विक्रेता. वकील. माझी सासू."
कुणी हसत नाही.
सासू मागच्या महिन्यात शिकवली होती,
तेव्हा निम्मा वर्ग रात्रपाळीला होता.

मराठीत याला धड विशेषण नाही.
आपल्याकडे गोष्ट पटते, किंवा पटत नाही;
पटवणाऱ्याच्या अंगाला काही चिकटत नाही.
इंग्रजीत चिकटतं.

रिमांतास मासे कापतो, बारा तास उभा.
तो म्हणतो: माझा गुडघा फार पर्स्वेसिव्ह आहे.
तो म्हणतो बस, मी बसतो.
बाई जरा थांबतात. गुडघा चालेल?
चालेल.

थुई नखं रंगवते.
गुलाबी रंग पर्स्वेसिव्ह आहे, ती म्हणते,
बायका निळा मागायला येतात.

शिलान वहीत लिहून मग वाचते:
माझा मुलगा रडत नाही, नुसता बघतो,
आणि ते बघणं…
पुढचा शब्द तिच्या तोंडात फुटतो, तीन तुकडे.
सगळे मिळून जोडतात.

हब्तोम फळ्याकडे बघत नाही.
त्याला हा शब्द स्पेलिंगसकट येतो,
न उमटलेल्या अक्षरासकट.
एका पत्रात, तिसऱ्या पानावर,
चौदाव्या परिच्छेदात भेटला होता,
आधी 'नाही' लावून.
त्यानं शब्दकोशात दोन्ही शोधले,
वेगवेगळ्या पानांवर सापडले,
एकत्र कुठेच नाहीत.

तो उभा राहतो. इथे उभं राहावं लागत नाही,
हे त्याला सहा वेळा सांगून झालंय.
"माझ्या भावाचा मृत्यू
पर्स्वेसिव्ह नव्हता."

हीटर.
बाईंची एकतीस वर्षांची सवय
आधी कर्ता शोधते, मग क्रियापद,
नकार जागेवर आहे का बघते.
वाक्य बरोबर आहे.
'बरोबर' म्हणायला तोंड उघडतं,
तसंच राहतं.

"तारीख जुळेना," तो म्हणतो, समजूत घातल्यासारखा.
"आईनं सांगितली ती चर्चच्या पंचांगातली.
त्यांच्याकडे दुसरं कॅलेंडर होतं.
मी दोन्ही सांगितल्या,
म्हणून दोन भाऊ झाले, आणि मग एकही नाही."
आणि लगेच, शाळेतल्या मुलासारखं:
"बाई, शंका. मी तिथे रडलो असतो
तर कुठलं विशेषण आलं असतं?"

याचं उत्तर पुस्तकाच्या मागे नाही.
थुई चहाचे कप उगाचच एका बाजूला सारते,
टेबलाचा कोपरा मोकळा होतो.
"ते पत्र," बाई म्हणतात, "पुढच्या मंगळवारी…"
तो कोटाच्या आतल्या खिशातून काढतो.
आठ घड्या. घड्यांवर शाई उडालेली.

मग त्या दिवशी पुढचा शब्द झाला नाही.
एकेकानं एकेक ओळ वाचली, मोठ्यानं,
जसा धडा वाचतात,
अडलं की बाई हळूच पुरवत होत्या:
ट्रायब्युनल. अपीलकर्ता. तथापि.
'तथापि' थुईला आवडला, तिनं दोनदा म्हटला.
बाहेर रखवालदारानं किल्ल्या वाजवल्या,
दारातून डोकावला, आणि का कुणास ठाऊक,
आत येऊन बसला, टोपी मांडीवर.

चौदावा परिच्छेद रिमांतासच्या वाट्याला आला.
गुडघा चोळत तो ओळीच्या शेवटापर्यंत गेला,
अडखळला,
बाईंकडे बघितलं.

बाईंनी उच्चार सांगितला नाही.