दुष्परिणाम, श्रेणी एक

पहिल्या दिवशी मी त्याला सतरा पानं वाचून दाखवली.
बोंदो खिडकीतून नदी बघत होता.
चिआतुरात नदी अजून काळीच वाहते,
खाण निम्मी बंद पडली तरी.
पान नववं : तुम्हाला औषध मिळेल,
किंवा औषधासारखं दिसणारं काही.
तुम्हाला कळणार नाही, मलाही नाही, डॉक्टरांनाही नाही.
"मग कळतं कुणाला?"
तिबिलिसीतल्या एका कपाटाला, मी म्हटलं.
तो हसला, हसण्याचा खोकला झाला,
तो थांबेपर्यंत मी दहावं पान धरून उभी.
सही करताना म्हणाला,
"बत्तीस वर्षं मँगनीज फोडलं.
तेव्हा कुणी एक पानसुद्धा वाचलं नव्हतं."

दर महिन्याला दोरावरच्या पाळण्यातून तो खाली यायचा.
मी उरलेल्या गोळ्या मोजायची, चिमट्याने, दोन-दोन करून.
चार उरायला हव्यात, चारच उरायच्या.
फक्त फेब्रुवारीत पाच :
"शेजारी वारला त्या दिवशी. गोळी घेणं बरं दिसेना."
मी लिहिलं : मात्रा चुकली, एक. कारण : इतर.

मग कॉरिडॉर. तीस मीटर, दोन टोकांना नारिंगी शंकू,
सहा मिनिटं नुसतं चालायचं.
मी ठरलेलीच वाक्यं म्हणायची,
छान चाललंय, अजून तीन मिनिटं.
त्याहून गोड बोललं तर पावलं वाढतात
आणि आकडा खोटा पडतो.
एकदा तो भिंतीला टेकला, ओठ जांभळे.
त्याचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं,
ते गिळलं.
दोनशे चाळीस मीटर.

सहाव्या महिन्यात त्सिआला सोबत आली, पिशवीत अक्रोड.
"झोपेत बोलतो हा. लिहून घे."
नको लिहू, बोंदो म्हणाला.
जुंबेर येतो, ती म्हणाली, ह्याचा धाकटा,
खाण कोसळली तेव्हा खालीच राहिलेला.
कपाळावरचा दिवा तसाच.
पलंगाच्या कडेला बसतो, पाव मागतो,
आणि हा घाबरायचं सोडून
सरकून त्याला जागा देतो.

फॉर्मवर भावासाठी रकाना नव्हता.
मी लिहिलं : तीव्र स्वप्नं. श्रेणी एक.
औषधाशी संबंध : नाही, असू शकेल, नक्की.
मधल्यावर खूण केली.
"म्हणजे तुमची गोळी आणते त्याला?"
सांगता येत नाही.
"मग बंद करू नका."

दोन वर्षांनी कपाट उघडलं.
ज्यांना औषध मिळालं
त्यांची फुफ्फुसं जरा सावकाश वठली.
वर्षाला अर्धा पेला श्वास वाचला.
तिबिलिसीत टाळ्या झाल्या,
मीही वाजवल्या, खऱ्याच.
चौघांची यकृतं बिघडली होती,
तेही त्याच तक्त्यात, खाली, बारीक अक्षरात.

पत्र घेऊन मी पाळण्यातून वर गेले,
सोबत खऱ्या गोळ्यांची डबी. आता सगळ्यांनाच मिळणार होती.
त्याने पत्र वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं.
दोनशे चाळीसचे आता एकशे सत्तर झाले होते.
रागावेल म्हणून वाटेत मी वाक्यं जुळवून ठेवलेली.
"म्हणजे त्यात काहीच नव्हतं?"
काहीच नाही.
"साधी पूडसुद्धा?"
पूड होती. नुसतीच पूड.

तो खिडकीकडे वळला.
"मग जुंबेर आपणहून यायचा."

त्सिआलाने चहा ओतायचा थांबवला.
बोंदोने नवी डबी कानाशी धरून हलवली,
झाकण उघडलं नाही.
"आणि ही सुरू केल्यावर?"

सतरा पानं मला तोंडपाठ होती.
त्यात हे कुठंच नव्हतं.