कायले

अकरा वर्षं मी व्हॉल्व्हशी बोलत होते
जळगावच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडच्या वरच्या मजल्यावर.
पलीकडे चटईचा कारखाना. वितळत्या प्लास्टिकचा वास
दुपारी डब्यातल्या कळण्याच्या भाकरीत उतरायचा.
चिपला सांगायचे, दाब इतका झाला की उघड,
इतका उतरला की मीट.
तिनं ऐकलं नाही तर चूक माझीच,
आणि चुकीला ओळीचा नंबर असायचा.
दोनशे चौदा. तिथे जा, बस, दुरुस्त कर, घरी जा.
एवढं नेमकं दुःख वाट्याला आलंय
हे तेव्हा कळलं नाही.

एप्रिलपासून प्रॉडक्ट मॅनेजर.
आई म्हणाली, म्हणजे आता काय बनवतेस?
म्हटलं, काय बनवायचं ते ठरवते.
ती भरताची वांगी भाजत होती. एक फिरवलं.
आणि बनवतं कोण?
फिरके.
मग त्याला ठरवता येत नाही?
मी वांग्याचं साल सोलत बसले. बोटं पोळली.

पहिल्याच आठवड्यात सावद्याच्या पुढे, केळीच्या बागेत.
बाहेर चव्वेचाळीस, आत खोडांची ओली सावली.
सिकंदर तडवी, तेरा वर्षं इथला सालदार.
आमच्या कंट्रोलरवर त्यानं खताची पिशवी बांधलेली,
पिशवीला बटनांपुरती भोकं.
दोनच.
खिशातून त्यानं पऱ्हाटीची काडी काढली
आणि काडीनं बटन दाबलं.
"हात चिकाचे ना, ताई. बोटानं दाबलं तं उठतच नही."
घडाचा चीक मनगटापर्यंत वाळून काळा झालेला.
मग पिशवी वर सारून म्हणाला,
"मले तं दोनच लागता. हे सात नंबरचं कायले?"

सात नंबर. माझं बटन.
तीन रात्री जागून लिहिलेलं,
साहेबांनी त्याच्यावर पेढे वाटले होते.
ते कसं चालतं, मी अर्धा तास सांगू शकते,
हवेत बोटानं आकृती काढून.
पण त्यानं कसं विचारलंच नव्हतं.
मोटार सुरू होती, बरं झालं.
त्या आवाजाआड थोडा वेळ उभी राहिले.

परतताना तापीच्या पुलावर बोटं शिवशिवायला लागली.
बटनाचा उपाय दिसत होता मला,
चार ओळी, फार तर पाच.
रात्री लॅपटॉप उघडला आणि आठवलं,
कोडची किल्ली मीच फिरकेला काढून घ्यायला लावली होती,
माझ्यापासून सांभाळायला.
दारूच्या बाटल्या शेजाऱ्याकडे ठेवतात, तशी.

फोन लावला. म्हटलं, फिरके, ऐक,
आणि उपाय जिभेच्या टोकावर आला, तो गिळला.
फक्त पाहिलेलं सांगितलं:
पिशवी, दोन भोकं, काडी, चीक.
पलीकडे बराच वेळ पंख्याची घरघर.
वाटलं, आता म्हणेल बटन मोठं करू.
वाटलं, म्हणू दे, म्हणजे मला बोलता येईल.
तो म्हणाला, मॅडम, दोरी लावली तर?
जुन्या दिव्याला असायची तशी. ओढायची.
चीक लागला तर दोरीलाच लागेल.

मी हसले. छान आहे, म्हटलं.
फोन ठेवला आणि गच्चीवर जाऊन
चांगला तासभर त्याचा हेवा केला.
माझ्या आयुष्यात पहिल्यांदा
दुसऱ्याला सुचावं म्हणून मी गप्प बसले होते
आणि त्याला खरंच सुचलं होतं.
याचा आनंद कसा करतात, अजून शिकले नाही.

सिकंदरची काडी मागून आणलीय. टेबलावर असते,
टोक काळं. शिपाई दोनदा केरात टाकायला निघाला.
सात नंबरचं बटन पुढच्या खेपेत जाईल,
सही माझीच, सही करताना पेन नीट चाललं.
दोरी यादीत आहे, अकराव्या नंबरावर.
वरच्या दहा जणी साहेबांच्या लाडक्या.
रोज सकाळी एकेकीसमोर बसते
आणि सिकंदरच्या आवाजात विचारते.
दोघी कालपासून गप्प आहेत.