उंचीची पट्टी

लेस्टरहून निघताना सुहृद म्हणाला, अडीच तासांचा तर रस्ता.
अडीचचे साडेचार झाले.
दोनदा दूध, एकदा उलटी,
आणि पोचलो तर ती नुकती झोपलेली.
इंजिन बंद केलं की उठेल, म्हणून
पार्किंगमध्ये चाळीस मिनिटं गाडी चालू ठेवून
बसून राहिलो, ओठ न हलवता.
समोर स्केगनेसचा समुद्र, कालच्या उरलेल्या चहासारखा,
आणि म्हणे ऑगस्ट.

फाटकात लाकडाचं पाणमांजर, हात आडवा धरून:
माझ्या हाताला लागाल तर आत बसा.
शाल्मली त्याच्या गुडघ्याला लागली.
मग तिने तो गुडघा चाटला.
मनगटावर फुकटचा पिवळा पट्टा मिळाला,
तो दिवसभर चावत राहिली.
तिच्यासाठी म्हणून जे होतं, गरगर फिरणाऱ्या कपबशा,
त्यात बसताक्षणी तिने असा टाहो फोडला
की कपबशीवाला स्वतः येऊन दांडा उचलून गेला.

मोठ्या रोलर कोस्टरला तासाची रांग.
हनुवटीवर पुळ्या असलेल्या पोराने समजावलं,
एकाने बसा, एकाने बाळ धरा, मग अदलाबदल,
दुसऱ्याला पुन्हा रांग नाही.
किती समजूतदार नियम.
आमच्या घरी चौदा महिने तोच चालू आहे.
तू जेव, मी धरते.
तू अंघोळ उरक, मी धरतो.
तू झोप.
दोघं मिळून एका वेळी कुठेच नसतो.

आधी तो जाऊन आला, केस उभे, बोलेचना.
मग मी.
शेजारी एक म्हातारा,
त्याने कानातलं यंत्र काढून रुमालात गुंडाळलं, खिशात ठेवलं.
म्हणाला, तिला हे कधीच आवडलं नाही.
ती कोण, ते बोलला नाही.

टोकाला गाडी क्षणभर थबकली.
खाली निळी बाबागाडी, नखाएवढी,
तिच्याजवळ सुहृद, हात हलवत होता
की दुपटं झटकत होता, कळेना.
माझे दोन्ही हात रिकामे.
खोटं कशाला बोलू,
वाटलं, बिघडावी ही इथेच,
कुणाला काही न होता, पाच-दहा मिनिटं,
सोडवणारी माणसं शिड्या घेऊन येईपर्यंत
वारा खात बसेन.

मग पोटात गोळा, आणि मी ओरडले.
याआधी अशी ओरडले होते ती बाळंत होताना.
तेव्हा सगळे म्हणत होते, ओरड, जोर लाव.
आज कुणी सांगितलं नव्हतं.
नुसतीच ओरडले,
त्यातून काहीही जन्माला न येता.

बाहेर पडद्यावर फोटो, बारा पौंडांना एक.
माझ्या शेजारी म्हातारा, डोळे घट्ट मिटलेला.
सुहृदच्या शेजारी रिकामी सीट,
तिचाही दांडा खाली ओढलेला,
जसं कुणी बसलंय.
तो म्हणाला, एकही नको.
मी म्हटलं, तुझा घेऊ.

शाल्मली हसली ती मात्र पार शेवटी,
बायकांच्या स्वच्छतागृहात,
हात सुकवायच्या यंत्राखाली.
जावळ उडालं, श्वास अडकला,
आणि अशी खिदळली की रांगेतल्या बायका वळल्या.
यंत्र थांबलं की रडायची. पुन्हा बटण.
अकरा वेळा.
मी दार ढकलून हाक मारली, अरे, ये लवकर, बघ.
बायकांचं आहे, तो म्हणाला,
एक पाय आत, एक बाहेर.
येऊ दे गं त्याला, नळाशी उभी एक आजी म्हणाली,
आम्ही काय पुरुष पाहिले नाहीत?

बाराव्या वेळी तिघांचे केस उडाले.

वरणभाताचा डबा बाहेर बाकावर उघडा राहिला होता.
सीगलला वरणभात आवडतो,
लिंबू नसलं तरी.